उघडता उघडता थांबलेला संगणक : व्यापाऱ्याने प्रथम काय पाहावे ?

सकाळी पेढी उघडावी, गादीवर बसावे, कपाटातून रोजमेळ काढावा आणि कालच्या शिलकेखाली आजची पहिली रक्कम मांडावी, हा क्रम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. वही उघडावयास घेतली आणि ती अर्धवट उघडून अडून बसली, असे कोणी कधी ऐकले नाही. आता रोजमेळ, खतावणी, मालाचा साठा, येणेकऱ्यांच्या याद्या आणि जी.एस.टी.ची विवरणपत्रे हे सारे संगणकाच्या पोटात गेले आहे. आणि संगणक मात्र एखाद्या सकाळी पासवर्ड घेतो, स्वागताचे शब्द दाखवितो, ठिपक्यांचे वर्तुळ फिरवू लागतो आणि तेथेच थिजतो. डेस्कटॉप, म्हणजे ज्यावर आपल्या कामाची चिन्हे मांडलेली असतात तो मुख्य पडदा, येतच नाही. किंवा येतो तो अर्धवट, हाक मारली तरी ओ न देणारा. त्या दिवशी महिन्याची २० तारीख असली म्हणजे तर विचारूच नये. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी ‘३-बी’ची ती सर्वसाधारण मुदत, ती टळली की विलंब आकार दिवसागणिक वाढतो आणि थकलेल्या करावर दरसाल १८ टक्के व्याज लागू होते.

अशा वेळी घाईघाईने दोन गोष्टी केल्या जातात. एक, विजेचे बटण पुनःपुन्हा बंद-चालू करणे. आणि दुसरी, जो दुरुस्तीवाला प्रथम सापडेल त्याच्या हाती यंत्र सोपविणे. तो यंत्राकडे पाहून म्हणतो, “शेठजी, फॉरमॅट मारावे लागेल.” आपण मान डोलावतो. संध्याकाळी यंत्र सुरेख चालू होऊन येते. फक्त त्यात आपली खाती नसतात. वस्तुतः या विकारात खाती बहुधा शाबूत असतात. डिस्कमधील वही जागच्या जागी असते; अडलेला असतो तो तिच्यापर्यंत नेणारा दरवाजा. दरवाजा अडला म्हणून घर पाडावयाचे नसते. यास्तव ‘यंत्र चालू कसे होईल ?’ हा प्रश्न दुसरा. ‘ते नेमके कोठे थांबले, आणि माझ्या खात्यांची प्रत बाहेर निघाली काय?’ हा पहिला.

कोठे थांबले हे कळण्यासाठी संगणक जागा कसा होतो ते थोडे समजून घ्यावे लागेल. आपल्याकडील बहुतेक पेढ्यांत मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही कार्यप्रणाली असते, म्हणून तिचाच विचार येथे केला आहे. बटण दाबताच प्रथम यंत्राच्या मुख्य पाटीवरील अंगभूत प्रोग्रॅम जागा होतो. तो स्मृती, डिस्क, कळफलक जागेवर आहेत की नाहीत ते पाहतो. याच वेळी काळ्या पडद्यावर यंत्र बनविणाऱ्या कंपनीचे नाव दिसते. त्यानंतर तो विंडोजच्या हाती सूत्रे देतो. विंडोजचा गाभा स्मृतीत चढतो आणि निरनिराळ्या उपकरणांना चालविणारे ‘ड्रायव्हर’ एकामागून एक कामावर रुजू होतात. हे चालले असता ठिपके फिरत असतात. मग पासवर्डचा पडदा येतो. आपण पासवर्ड दिला की विंडोज त्या व्यक्तीची व्यक्तिगत मांडणी, जिला ‘प्रोफाइल’ म्हणतात, ती उघडते आणि शेवटी ‘एक्सप्लोरर’ नावाच्या प्रोग्रॅमास हाक मारते. खालची पट्टी आणि पडद्यावरील चिन्हे मांडणारा हाच एक्सप्लोरर. तो उभा राहतो न राहतो तोच दारात ताटकळत असलेले इतर प्रोग्रॅम आत घुसतात : विषाणुरोधक, प्रिंटरचा सहायक, इंटरनेटवर प्रती पाठविणारे, डिजिटल सहीच्या टोकनाचे, मोबाइल जोडणारे, आणि आपण कधी घेतले हे आपणांसही न आठवणारे.

कंपनीच्या नावापाशीच यंत्र थांबले तर दोष विंडोजचा नव्हे. जोडलेले एखादे उपकरण, सैल झालेली तार, स्मृतीची पट्टी किंवा खुद्द डिस्क यांत तो शोधावा. गोव्याकडील दमट, खारट हवेत स्मृतीच्या पट्टीच्या टोकांवर मळी धरते. ती काढून, पुसून, पुन्हा बसविल्याने काम भागल्याची उदाहरणे पुष्कळ. परंतु पासवर्ड घेऊन झाल्यावर यंत्र थिजले, तर याचा अर्थ गाभा चढला आहे, डिस्क निदान काही अंशी वाचली जात आहे, आणि अडथळा प्रोफाइल, एक्सप्लोरर किंवा मागाहून घुसणारी मंडळी यांपैकी कोठे तरी आहे. हा निष्कर्ष कोणतेही हत्यार हाती न घेता, केवळ पाहून निघतो.

आता यंत्र खरोखर थिजले आहे की नुसते मंद झाले आहे, हे ठरवावे. कळफलकावरील ‘कॅप्स लॉक’ची कळ दाबावी. तिचा दिवा लागतो-विझतो आहे, माउसचा बाण हलतो आहे, तर यंत्र जिवंत आहे. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल आणि आदल्या रात्री विंडोजने नवी सुधारणा घेतली असेल, तर अर्धा तास खुशाल वाट पाहावी. सुधारणा अर्धी झालेली असता वीज तोडणे म्हणजे लिहीत असलेल्या मुनिमाच्या हातून वही ओढणे होय; यंत्र बिघडले नसेल तर त्याने बिघडेल.

वाट पाहूनही काही न घडले तर कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबाव्यात. हा त्रिकळीचा प्रयोग आय.बी.एम. कंपनीच्या १९८१ सालच्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने योजिला. त्या काळी त्याने यंत्र सरळ पुन्हा सुरू होत असे. आजच्या विंडोजमध्ये त्याचा अर्थ बदलला आहे : ही हाक कोणताही सामान्य प्रोग्रॅम मध्येच अडवू शकत नाही, ती थेट विंडोजच्या मुख्य दरबारात पोचते. म्हणून या हाकेला उत्तर मिळून ‘टास्क मॅनेजर’ वगैरे पर्यायांचा पडदा आला, तर विंडोज धडधाकट आहे आणि अडला आहे तो एक्सप्लोरर किंवा त्याच्या मागचा कोणी, असे समजावे. टास्क मॅनेजर उघडावा. कोणता प्रोग्रॅम डिस्क किंवा प्रोसेसर सारखा व्यापून बसला आहे ते त्यातील रकान्यांवरून दिसते. तो परका असेल तर थांबवावा. पडदा नुसता काळा आणि वर बाण, असे असेल तर टास्क मॅनेजरमधूनच ‘रन न्यू टास्क’ निवडून एक्सप्लोरर हे नाव इंग्रजीत लिहावे आणि एंटर दाबावे. कित्येकदा सारा डेस्कटॉप तत्क्षणी उमटतो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ या चार कळांनी चित्र दाखविणारा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. दोष त्याचा असेल तर पडदा क्षणभर लुकलुकून परत येतो.

त्रिकळीलाही उत्तर नसेल, तर बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरून यंत्र बंद करण्यावाचून गत्यंतर नाही. मात्र ते पुन्हा सुरू करण्यापूर्वी कळफलक, माउस आणि पडदा एवढेच ठेवून बाकी सर्व जोडण्या काढाव्यात : पेन ड्राइव्ह, प्रिंटर, बारकोड वाचणारे यंत्र, डिजिटल सहीचे टोकन, बाहेरची डिस्क, आणि नेटवर्कची तारही. शेवटच्या जोडणीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण व्यापाऱ्यांच्या घरी ही भानगड विशेष. दुकानातील संगणकावर वखारीतील संगणकाची डिस्क जोडून ठेवलेली असते आणि डेस्कटॉपवर तिची चिन्हे मांडलेली असतात. वखारीतील यंत्र बंद असले, की दुकानातील बिचारा एक्सप्लोरर प्रत्येक चिन्हामागे त्या यंत्राचे दार ठोठावीत उभा राहतो. उत्तर न आल्यामुळे पुढे सरत नाही. पाहणाऱ्याला वाटते दुकानाचे यंत्र बिघडले. तार काढताच डेस्कटॉप आला, तर पैसा न खर्च करता रोग सापडला.

येथे एका समजुतीचा उल्लेख केला पाहिजे. रात्री ‘शट डाऊन’ करून सकाळी चालू केले म्हणजे यंत्र अगदी नव्याने सुरू झाले, असे आपण धरून चालतो. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून बहुतेक यंत्रांत तसे होत नाही. सकाळी लवकर जाग यावी म्हणून गाभ्याची स्थिती डिस्कवर टिपून ठेवली जाते व दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते; ड्रायव्हरमधील बिघाड असेल तर तोही तिच्याबरोबर परत येतो. खरोखरीची नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’ने होते. जे आठ दिवस शट डाऊनने सुटले नाही ते एका रीस्टार्टने सुटावे, याचे रहस्य एवढेच.

इतके करूनही अडथळा कायम राहिला तर ‘सेफ मोड’कडे वळावे. या अवस्थेत विंडोज अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर घेऊन उभी राहते. बाकीच्या साऱ्या मंडळींना दाराबाहेर ठेवते. पूर्वी एफ-८ कळ दाबून तेथे जाता येत असे. विंडोज ८ पासून ती वाट मुळात बंद ठेवलेली असते. आता पासवर्डच्या पडद्यावर कोपऱ्यातील वीजचिन्ह उघडून, शिफ्ट कळ दाबून धरून, रीस्टार्ट निवडावे. पासवर्डचा पडदाही येत नसेल, तर ठिपके फिरू लागताच बटण दाबून धरून यंत्र बंद करावे. असे लागोपाठ दोन-तीनदा घडले की विंडोज आपण होऊन दुरुस्तीचा निळा पडदा दाखविते. तेथे ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, मग रीस्टार्ट, आणि पुढे आलेल्या यादीत ४ हा आकडा.

या वाटेवर एक चौकी लागण्याचा संभव आहे. नव्या यंत्रांत डिस्कवरील सर्व मजकूर कुलूपबंद केलेला असतो. त्या व्यवस्थेस ‘बिटलॉकर’ म्हणतात. अशा यंत्रावर दुरुस्तीच्या वाटेने जाऊ लागताच ४८ अंकी किल्ली मागितली जाते. यंत्र प्रथम सिद्ध करताना मायक्रोसॉफ्टचे जे खाते वापरले, त्यात ही किल्ली जमा असते. आता ते खाते कोणाचे ? पुष्कळदा यंत्र विकणाऱ्याच्या पोऱ्याचे, किंवा नोकरी सोडून गेलेल्या हिशेबनिसाचे ! किल्लीवाचून त्या डिस्कमधील खाती जगातील कोणताही कारागीर वाचू शकत नाही. यंत्र ठीक चालू असतानाच ही किल्ली आपल्या खात्यातून काढून, कागदावर छापून, दस्तऐवजांबरोबर तिजोरीत ठेवावी. सेफ मोडमध्ये नेहमीचा चार आकडी पिन स्वीकारला जाईलच असे नाही, म्हणून मूळ पासवर्डही ठाऊक असावा.

या दोन्ही गोष्टींचे महत्त्व १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीचा संरक्षक प्रोग्रॅम मोठमोठ्या संस्थांच्या संगणकांत असतो. त्याची एक सदोष फाइल त्या दिवशी सर्वत्र पाठविली गेली आणि, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे सुरू होता होता निळ्या पडद्याशी कोसळू लागली. आपल्या देशात विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. हैदराबादहून कलकत्त्यास जाणाऱ्या एका प्रवाशाच्या अशा पासाचे छायाचित्र तर सर्वतोमुखी झाले. कंपनीने सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, पण जी यंत्रे पडली होती ती त्याने उठेनात. प्रत्येक यंत्रापाशी माणूस बसवून, ते सेफ मोडमध्ये नेऊन, ती एक फाइल पुसावी लागली. जेथे बिटलॉकरची किल्ली हाताशी होती तेथे काम लवकर उरकले. जेथे नव्हती तेथे किल्लीच शोधीत बसावे लागले. त्या ८५ लाख यंत्रांतील मजकूर मात्र जागच्या जागी होता. फॉरमॅटचे कारण नव्हते.

सेफ मोडमध्ये डेस्कटॉप आला, तर दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी खात्यांची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. टॅली वापरणाऱ्यांनी कंपनी निवडण्याच्या पडद्यावर जो मार्ग दिसतो तो आधीच टिपून ठेवावा. त्या ठिकाणी केवळ आकड्यांच्या नावाचा एक फोल्डर असतो. तोच आपली वही. तो संपूर्ण उचलावा. यासाठी टॅली चालू होण्याची गरज नाही. किंबहुना प्रत घेताना ती बंद असलेलीच बरी. प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी आणि मगच निश्चिंत व्हावे.

नंतर चोर शोधावा. सेफ मोडमध्ये यंत्र चालते याचा अर्थ दोष बाहेरून आलेल्या कोणाचा तरी आहे. गेल्या आठवड्यात काय नवे घातले ते आठवून प्रथम तेच काढून पाहावे. दोन विषाणुरोधक एका यंत्रात नांदत असतील तर एकास निरोप द्यावा. तेवढ्याने न सुटले तर जुन्या मुनिमाची रीत वापरावी. तेरीज जुळेना म्हणजे तो सारी वही पहिल्या ओळीपासून तपाशीत बसत नसे. अर्ध्या पानांची बेरीज ताडून, चूक कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवी, मग त्या अर्ध्याचे अर्धे. येथेही तसेच. ‘एमएसकॉन्फिग’ या साधनात सेवांची यादी असते. तीत प्रथम ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर खूण करून विंडोजच्या स्वतःच्या सेवा दृष्टीआड कराव्यात (ही खूण विसरू नये, नाहीतर नवाच घोळ होईल), उरलेल्यांपैकी अर्ध्या बंद करून यंत्र सुरू करून पाहावे. चोर कोणत्या अर्ध्यात, ते कळते. ६४ सेवा असल्या तरी सहा फेऱ्यांत एकावर येता येते. आरंभी घुसणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी टास्क मॅनेजरमध्ये वेगळी असते. तिलाही हीच रीत लावावी.

कधी असे दिसते, की मालकाच्या नावाने आत गेले तर यंत्र थिजते आणि मुलाच्या नावाने गेले तर सुरळीत चालते. मग प्रोफाइलच खराब झाले आहे. नवे खाते उघडून जुन्या फाइली त्यात आणाव्यात. काही वेळा विंडोज जुने प्रोफाइल उघडता न आल्यामुळे तात्पुरते कोरे प्रोफाइल देते. डेस्कटॉप येतो, पण रिकामा! आपल्या फाइली नाहीशा झाल्या असे समजून तेथे नव्याने काम सुरू करू नये. जुन्या फाइली ‘यूझर्स’ फोल्डरात असतात. आणि या तात्पुरत्या जागी जे लिहावे ते बाहेर पडताच पुसले जाते.

सेफ मोडही थिजला तर संशय डिस्कवर घ्यावा. जुन्या फिरत्या डिस्कमध्ये एखादी जागा वाचता आली नाही तर ती पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहते आणि तोवर सारे यंत्र खोळंबते. टक्‌टक्‌ असा ठराविक आवाज येत असेल तर तिचे दिवस भरत आले. अशा डिस्कवर ‘चेकडिस्क’सारखी लांबलचक तपासणी मुळीच चालवू नये, मरणासन्न डिस्कला त्या श्रमानेच शेवटचा धक्का बसतो. निळ्या पडद्यावरील ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्ये नोटपॅड हे नाव लिहून एंटर दाबले की साधे लेखनसाधन उघडते, त्यातील फाइल, ओपन या मार्गाने, ‘ऑल फाइल्स’ निवडून, डिस्कवरील सर्व फोल्डर दिसतात आणि उजव्या बटणाने ते पेन ड्राइव्हवर उतरविता येतात. तेथे डिस्कचे नेहमीचे अक्षर बदललेले असू शकते, एवढे ध्यानात ठेवावे. हे न साधले तर डिस्क काढून, स्वस्तात मिळणाऱ्या जोडणीने दुसऱ्या संगणकास लावावी.

डिस्क निर्दोष असेल आणि विंडोजच्याच फाइली बिघडल्या असतील, तर शेवटची सुधारणा काढून टाकणे, किंवा पूर्वस्थिती साठविलेली असल्यास ‘सिस्टिम रीस्टोअर’ने तिच्याकडे परतणे, हे सौम्य उपाय प्रथम करावेत. ‘रीसेट’मध्ये फाइली राखण्याचा पर्याय असतो, पण प्रोग्रॅम सारे जातात, आणि हिशेबाचा फोल्डर प्रोग्रॅमच्याच फोल्डरात असला तर त्याची शाश्वती धरू नये. फॉरमॅटचा क्रम याच्याही नंतरचा.

यंत्र दुरुस्तीस द्यावेच लागले, तर सोबत चिठ्ठी द्यावी : कोणत्या टप्प्यावर थांबते, केव्हापासून, त्यापूर्वी काय नवे घातले, सेफ मोड चालतो की नाही, आणि शेवटी, खात्यांची प्रत मालकाने पाहिल्याशिवाय डिस्क पुसू नये. डिस्क बदलली तर जुनी परत मागून घ्यावी. जी.एस.टी. कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावे लागतात, आणि नव्या डिस्कवर काही उतरावयाचे राहिले आहे हे कित्येकदा नोटीस आल्यावरच कळते. जुन्या डिस्कवर तारीख व वर्ष लिहून ती कापडात गुंडाळून जुन्या वह्यांशेजारी ठेवावी.